शंभर नंबरी तेल

थंडी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही आणि कपाटातला स्वेटरही सांगत नाही. ते मला पिवळी सांगते. पिवळी म्हणजे आमचं खोदाईचं मशीन. गोठ्यात तांबडी आहे, बांडी आहे, तशी गोठ्यामागच्या लिंबाखाली पिवळी. दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले, की एके सकाळी सुरू होताना ती इंजिनाच्या धडधडीखालून एक बारीक, नाकातला सूर काढते. कूंऽऽ. हायड्रोलिकचा पंप तेल ओढत असतो आणि गारठलेलं तेल यायला कुरकुर करत असतं. उन्हाळ्यात हा सूर नसतो. थंडीत दोन मिनिटं असतो, मग तेल उबेला येतं आणि सूर विरतो. कुणाचीही झोप मोडू नये इतका तो साधा आवाज. मी मात्र गोधडीत डोळे मिटून सेकंद मोजत पडलेला असतो. दोन मिनिटांच्या वर गेला, की मी उठून बसतो.

आज सकाळीही मोजले. एकशे दहा. सुटलो, म्हणून कुशीवर वळलो.

ही मोजायची खोड मला तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत लागली. त्या थंडीत द्राक्षबागांत सकाळी धूर करावा लागला होता, कांद्याच्या पातीवर पाण्याचे मणी गोठल्यासारखे दिसायचे, डेअरीवर येणाऱ्या माणसांच्या तोंडातून आणि किटल्यांतून सारखीच वाफ निघायची. लोकांना ती थंडी गव्हासाठी आठवते. गहू झाला खरा त्या साली. मला ती एका आकड्यासाठी आठवते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो आकडा कळायचा नाही. मी महाळुंगे पडवळच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी. पंचवीस वर्षं मी लोकांच्या दुधाला नंबर देत आलो. सकाळ-संध्याकाळ फॅट बघायची, डिग्री बघायची, आकडा सांगायचा. आकडा चढला की माणूस हसतो, उतरला की माझ्याकडे असा बघतो, जणू त्याच्या म्हशीत मीच पाणी ओतलंय. त्यामुळे दोन गोष्टी माझ्या हाडात मुरल्या आहेत. घट्ट ते चांगलं. आणि मोठा आकडा तो खरा.

अशा माणसानं खोदाईचं मशीन घ्यायला नको होतं. घेतलं. तेही जुनं, दोन मालकांच्या हातून आलेलं, माझ्या थोरल्या मुलीपेक्षा वयानं मोठं. मशीनबरोबर हरिभाऊ आले. आधीच्या मालकानं किल्ली देताना सांगितलं, "मशीन राहू द्या एक वेळ, हा माणूस सोडू नका." हरिभाऊ भीमाशंकरच्या खालच्या अंगाचे, भातखाचरांच्या मुलखातले. साठीला टेकलेले, काटक, कमी बोलणारे. कालव्याच्या कामावर मशीन शिकले ते तिथंच पांढरे झाले. मला ते पहिल्या दिवसापासून 'शेक्रेटरी' म्हणतात. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही. त्याला मशीन निघालेलं नाही.

त्यांचा हात काय होता म्हणून सांगू! कांद्याच्या वाफ्यात चर मारायचा असला, की मध्ये आलेली ठिबकची नळी ते पंज्याच्या एका दातावर उचलायचे आणि बाजूला ठेवायचे. नळीला चरा नाही. एवढा मोठा लोखंडी पंजा, आणि काम असं, की बाईनं तव्यावरून भाकरी उचलावी. लोक उगाच बघायला थांबायचे. मीही थांबायचो, आणि मशीन माझं आहे हे ओळखू येईल अशा बेतानं थांबायचो.

त्या साली मार्गशीर्षाच्या तोंडाला हरिभाऊ भाताच्या झोडणीसाठी गावी गेले. जायच्या आधी त्यांनी हायड्रोलिकचं जुनं, काळं पडलेलं तेल काढलं, टाकी पुसून मोकळी केली आणि मला बजावलं, "नारायणगावास्नं शेहेचाळीस नंबर आना. घट्ट आनू नका, शेक्रेटरी. उन्हाळ्यात अडुसष्टचं बघू. पर थंडीत जुनं मशीन म्हातार्‍या मानसावानी असतं. त्याला पातळ पेज लागती."

दुकानात गेलो. फळीवर बादल्या ओळीनं मांडलेल्या, बत्तीस, शेहेचाळीस, अडुसष्ट, शंभर. मी त्या ओळीपुढे उभा राहिलो आणि माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. शेहेचाळीस? शंभरापैकी शेहेचाळीस? हे तर काठावर पास! मी दहावीला गणितात बरोबर एवढेच पाडले होते, आणि वडिलांचं तोंड कसं झालं होतं ते मला पाठ आहे. दुकानदाराला विचारलं, "जुन्या मशीनला कुठलं चांगलं?" तो गिऱ्हाइकांच्या गर्दीतून म्हणाला, "जुनं झिजलेलं असलं तर जरा घट्ट चालतं." त्यातला 'जरा' त्यानं त्याच्या मनानं म्हटला, माझ्या कानात फक्त 'घट्ट' शिरला. त्यानं शंभरच्या बादलीचं झाकण उघडून काडी बुडवून दाखवली. तेल काडीवरून असं सावकाश उतरलं, की मला जाफराबादी म्हैस डोळ्यांपुढे दिसली. आपल्याकडे अस्सल सोन्याला काय म्हणतात? शंभर नंबरी. झालं, मी शंभर नंबरी तेल घेऊन आलो. माझ्या हातानं टाकीत ओतलं. ओतताना हरिभाऊंची थोडी कीवसुद्धा आली, की बिचारे आयुष्यभर काठावर पास झालेल्या तेलावर राबले.

तो नंबर तेलाच्या चांगुलपणाचा नसतो, नुसता दाटपणाचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे हरिभाऊंनी सांगितलं होतं. पण ते सांगणं वेगळं.

हरिभाऊ परतले ते थेट डेअरीच्या ओट्यावर. चार माणसं तिथं उन्हाला बसलेली. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "शेहेचाळीसच टाकलं न्हवं?"

आता इथं नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर हा लेख झाला नसता. पण चार माणसांत मशीनच्या मालकानं ड्रायव्हरपुढे चूक कबूल करायची? मी फॅटचा आकडा सांगावा तितक्या सरळ आवाजात म्हणालो, "तुम्ही सांगितलंत तेच."

एवढंच वाक्य. पुढचा दीड महिना मी त्याच्यावर पाय घसरत चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळीनं सूर लावला. कूंऽऽऽ. दोन मिनिटं झाली, पाच झाली, आठ झाली. हरिभाऊ खाली उतरले, टाकीचं झाकण उघडून तेलाचा थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्यानं चोळून दोन बोटं फाकवली. पाकाची तार बघतात तशी. "शेक्रेटरी, तार जास्त वाटतीय."

"थंडीनं वाटत असेल," मी म्हणालो.

"आसंल," ते म्हणाले. त्यांच्या बोटांनी त्यांना खरं सांगितलं होतं. त्यांनी बोटांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं.

आणि मग सुरू झालं ते. सकाळी लिव्हर ओढली की पंजा जागचा हलेना. आणखी ओढली की एकदम झेप घ्यायचा. पहिल्या आठवड्यात ठिबकची नळी तुटली. दुसऱ्यात एकाच्या बांधाचा कोपरा गेला. तिसऱ्यात गोठ्याचा पत्रा वाकला, माझ्याच. दुपारी ऊन चढलं, तेल तापलं, की मशीन पुन्हा लोण्यासारखं चालायचं. सकाळी जड, दुपारी हलकं. मोबाईलमध्ये शोधून मला तोवर कळून चुकलं होतं, की तेल दाट असलं की गारठ्यात पंपाला ओढवत नाही, पंप उपाशी राहतो आणि रडतो. पण सकाळी जड आणि दुपारी हलकं हे आणखी कशाचं लक्षण असतं, ते माझ्याआधी हरिभाऊंना सुचलं.

म्हाताऱ्या हाताचं.

"सांधं आकडल्यात," ते एका सकाळी शेकोटीवर पंजे धरून म्हणाले. "ऊन लागलं की सुटत्यात. वय झालं, शेक्रेटरी." दुसऱ्या दिवशी ते मलम चोळून आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात लोकरीचे हातमोजे घालून आले, गावाकडून मागवलेले, मातकट रंगाचे. थंडी मशीनला वाजत होती आणि हातमोजे हरिभाऊ घालत होते.

हे सगळं मी बघत होतो. आता तरी बोल, असं मी रोज स्वतःला सांगायचो. पण पहिल्या दिवशी बोललो असतो तर नुसता मूर्ख ठरलो असतो. आठव्या दिवशी खोटारडा. आता विसाव्या दिवशी काय ठरलो असतो, त्याला आमच्या भागात शब्द आहेत, पण ते लेखात बसत नाहीत. त्यामुळे मी बोलणं सोडून बाकी सगळं केलं. रिकाम्या बादल्या गोठ्यात पेंड कालवायला गेल्या होत्या; त्यांच्यावरचा आकडा मी विळ्यानं खरवडला. माझी बायको मंगल म्हणाली, "अहो, गायींना वाचता येतं का?" पहाटे उठून एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात बिबट्याला पळवायला वाजवायची थाळी घेऊन, हरिभाऊ येण्याआधी मशीन सुरू करून तापवू लागलो. एका सकाळी तर घरातली चांगली गोधडी तेलाच्या टाकीवर पांघरून आलो. मंगल ती शोधत आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "तांबडीचं वासरू कुडकुडतंय, आणि गोधडी हिला? लग्न लावा आता हिच्याशी."

हसायला येतं आता. तेव्हा माझं जेवण तुटलं होतं. डेअरीवर फॅट लिहिताना एकदा एका बाईच्या नावापुढे मी शंभर लिहिलं. तिनं आनंदानं सगळ्या गावाला दाखवलं.

एक दुपार मात्र अजून हसण्यात जात नाही. काम नव्हतं. मशीन बंद, लिंबाखाली उभं. मी गोठ्याच्या आडून जात होतो तर केबिनमध्ये हरिभाऊ दिसले. बंद मशीनच्या लिव्हर ते हळूहळू पुढे-मागे करत होते. पंज्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या हाताकडे बघत होते. पुढे, थांब, मागे, थांब. शाळेत पोर पाटीवर अक्षर गिरवतं तसं ते चाळीस वर्षांचं शिकलेलं पुन्हा गिरवत होते, नि कुठं चुकतंय ते शोधत होते. चुकत काहीच नव्हतं. चूक त्यांच्या पाठीमागे टाकीत भरलेली होती. मी तिथून मागच्या मागे, चप्पल न वाजवता निघून आलो. मी केलेल्या पळपुटेपणांत हा पहिल्या नंबराचा. शंभर नंबरी.

मग राजुरीचं काम आलं. माझा साडू पोपट, त्याच्या शेताच्या वाटेखालून पाणी न्यायला सिमेंटचे नळे टाकायचे होते. चर आदल्या दिवशी खोदून झालेला, छातीइतका खोल; मशीन रात्रभर तिथंच उभं. नळा साखळीनं पंज्याला बांधून वरून सोडायचा आणि चरात उभ्या माणसानं खाली तोंडाशी तोंड जुळवायचं. पोपट स्वतःच उतरणार होता. कालव्याला पाणी सुटणार म्हणून त्याला घाई. सकाळचे साडेसात. मुंग्या येतील असा गारठा.

"जरा ऊन येऊ द्या, पावणं," हरिभाऊ म्हणाले.

"कशाला? मशीनला काय ऊन लागतं?"

"मशीनला न्हाई. मला लागतं."

पोपट माझ्याकडे बघून हसला. "काय भाऊ, ड्रायव्हर पण मशीनएवढाच जुना आणलाय राव." आणि चरात उतरला.

हरिभाऊ केबिनमध्ये चढले. नळा नुसता वीतभर उचलून बघितला. लिव्हर ओढली, काही नाही. आणखी ओढली, आणि नळा हिसका बसून वर गेला, साखळीला झोका खाऊ लागला. चराच्या कडेला. खाली पोपटाचं डोकं, मफलर गुंडाळलेलं. तो वर बघत होता आणि अजून हसतच होता.

हरिभाऊंनी नळा कडेवर टेकवला. मशीन बंद केलं. एवढ्या आवाजानंतर सगळीकडे एकदम शांत झालं. पलीकडच्या उसात कुणीतरी खोकल्याचं ऐकू आलं. ते खाली उतरले, माझ्यासमोर आले आणि मोजा घातलेल्या हातानं किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली.

"दुसरा डायव्हर बघा, शेक्रेटरी. खाली मानूस हाय. ह्यो हात आता त्या लायकीचा ऱ्हायला न्हाई."

हे ते रागानं म्हणाले असते तर मी कदाचित आणखी एक दिवस गप्प बसलो असतो. पण ते माफी मागितल्यासारखं म्हणाले. माझी.

माझ्या तोंडून एकच शब्द पडला, "शंभर."

"काय शंभर?" पोपट खालून ओरडला.

"तेल. शंभर नंबरचं आहे. शेहेचाळीस नाही. हरिभाऊ, तुमचा हात चांगला आहे. तेल घट्ट आहे. मी टाकलंय. मी खोटं बोललो."

चरात पोपट आधी हसला, मग त्यानं नळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या डोक्याला हात लावला, आणि हसायचा थांबून भराभरा वर चढला. वर येऊन त्यानं मला जे ऐकवलं त्यात माझ्या घराण्याचा तिसऱ्या पिढीपर्यंत उद्धार होता. मी ते ऐकतच नव्हतो. मी हरिभाऊंकडे बघत होतो.

त्यांनी एक एक बोट ओढून मोजे काढले. टाकीचं झाकण उघडलं. थेंब बोटावर घेतला, चोळला, बोटं फाकवली. तार लांब गेली.

"म्हनलो व्हतो," ते तेलाशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तार जास्त हाय, म्हनलो व्हतो." झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता, "बायकूला सांगून बसलो मी, शेक्रेटरी. म्हनलं आता हात गेला. पोरास्नी सांगितलं. खाचरांकडं परत येतो म्हनलं. ती रडली."

मी किल्ली त्यांच्या उघड्या हातात परत ठेवली.

नळे त्याच दिवशी टाकून झाले. साडेअकराला, मशीन उन्हात तापवून, पोपट चराबाहेर असताना नळा आधी तळाला टेकवून, मग त्याला उतरवून. पाणी यायच्या आत. दुसऱ्या दिवशी मी नारायणगावला जाऊन शेहेचाळीस आणलं. तेल कोमट असताना काढलं, फिल्टर बदलला, नवं भरलं, थोडं चालवून मशीनच्या नळ्यांत राहिलेलं घट्ट निघावं म्हणून तेही काढलं आणि पुन्हा भरलं. चिखलात आडवा पडून सगळं मी केलं. हरिभाऊ बाजूला उभे राहून सांगत होते, आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी 'शेक्रेटरी' म्हणत होते. त्या दिवशी त्यात आदर किती होता ते मला मशीनशिवायही मोजता आलं. संध्याकाळी त्यांनी कुणाला न सांगता मशीन वाफ्याकडे नेलं, ठिबकची नळी दातावर उचलली आणि बाजूला ठेवली. मग पुन्हा उचलून जागच्या जागी ठेवली. कामाची काही गरज नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे एक विधी आहे. तेल बदललं की हरिभाऊ माझा उजवा हात पुढे करायला लावतात, तळव्यावर थेंब सोडतात आणि म्हणतात, "घ्या तीर्थ. आकडा बोला." मी चोळतो आणि मोठ्यानं बोलतो, "शेहेचाळीस." डेअरीच्या ओट्यावरची माणसं हे बघायला मुद्दाम येतात. ते मातकट मोजे हरिभाऊंनी केबिनच्या आरशाला टांगून ठेवले, मी दिसलो की टिचकी मारून हलवायचे. मला ती शिक्षा आवडते. माझ्या लायकीपेक्षा ती बरीच हलकी आहे.

तर, आज सकाळी. एकशे दहा सेकंद मोजून मी सुटलो आणि चहा घेऊन मागे गेलो. मंगलच्या वाफ्यात चर मारायचं काम चाललेलं. हरिभाऊंनी पंजा नळीखाली घातला, उचलला, आणि नळी तुटली. पाण्याची बारीक धार उन्हात उभी राहिली. त्यांनी मशीन थांबवलं. मग हाक मारली, "शेक्रेटरी, तेल कोनतं हाय ह्यात?"

कोणतं म्हणजे? पंधरा दिवसांपूर्वी तर तीर्थ घेतलं होतं, आकडा बोललो होतो, सगळ्या ओट्यानं ऐकला होता. तरी मी चहा तिथंच बांधावर ठेवला आणि टाकीकडे पळालो. झाकण उघडलं, थेंब घेतला, चोळला, बोटं फाकवली. तार होती तेवढीच होती, आखूड. पुन्हा चोळला. मी गोठ्यात जाऊन बादली उलटी करून बघून आलो. खरवडलेली नव्हती, आकडा स्पष्ट होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, की माझीच चूक निघावी. दुकानदाराची निघावी. कुणाचीही.

शंभर म्हणायला किती लागलं असतं? ते हसले असते, मला शिव्या दिल्या असत्या, आणि सकाळ छान गेली असती.

"शेहेचाळीस," मी म्हणालो.

हरिभाऊंनी स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघितला. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मशीनला कायबी झालं न्हाई."

आणि आरशाला टांगलेले मोजे काढून, त्यांच्यावरची तीन वर्षांची धूळ झटकून, त्यांनी ते घातले.